दगडी देवळातला दुसरा बाक

मी माझ्या बापाला देवळातल्या बाकावरून उठवलं.

हे वाक्य सगळ्यात आधी लिहितो. मागं लिहायचं राहिलं, म्हणून आता आधी.

नव्या दगडी देवळाला आशीर्वाद द्यायचा दिवस होता. पुण्याहून बिशप आले होते. मोठ्या रस्त्यापासून देवळाच्या दारापर्यंत आंब्याच्या डहाळ्या बांधलेल्या. मी त्या देवळाचा मास्तर. म्हणजे शाळेत पोरांना शिकवायचं, रविवारी प्रार्थना सांगायची, फादर फिरतीवर असले की लोकांचं सगळं बघायचं. अंगात पांढरा सदरा, पायात बूट. सकाळपासून मी नुसता पळत होतो.

बा माझ्याही आधी येऊन बसला होता. दुसऱ्या बाकावर, अगदी कडेला. धुतलेलं धोतर, मुंडासं काढून मांडीवर ठेवलेलं, पाय अनवाणी. पहिला बाक त्यानं आपणहून मोठ्या लोकांना सोडला होता. दुसऱ्यावर बसायला काही हरकत नसावी असं त्याला वाटलं.

मग साहेबांची मोटार आली. हे साहेब पुण्याच्या कॅम्पातले कंत्राटदार. किनाऱ्याकडचं जुनं ख्रिस्ती घराणं. पिढ्यान्‌पिढ्यांपूर्वी बाटलेले, तरी आपण मुळात बामणातले, हे अजून सांगणारे. देवळाचा दगड त्यांनी दिला होता, घंटाही त्यांनीच. त्यांच्या मागून आणखी दोन मोटारी आल्या. पाहुणे बरेच होते.

साहेबांचा कारकून माझ्याकडे आला. म्हणाला, "मास्तर, दुसरा बाकही लागेल आम्हाला. ते म्हातारं कोण बसलंय तिथं? उठवा त्याला."

ते म्हातारं कोण. मी सांगायला हवं होतं. एकाच शब्दात सांगता आलं असतं.

मी म्हणालो, "हो, उठवतो."

मी बाजवळ गेलो. त्यानं वर पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. त्याला वाटलं, मी कामाला बोलवायला आलोय.

"घंटेचा दोर बघायचा हाय का?" त्यानं विचारलं.

"नाही. तुम्ही मागे बसा. इथे पाहुणे बसणार आहेत."

मी त्याच्याशी शुद्ध बोललो. घरी मी बाशी जन्मात कधी शुद्ध बोललो नव्हतो. त्याला तुम्ही म्हणालो नव्हतो. आमच्यात बापाला तू म्हणतात.

बानं मांडीवरचं मुंडासं हातात घेतलं. मग हळूच म्हणाला, "पावनं बसनार. मंग मी कोन हाय?"

"ऊठ म्हटलं ना, बा."

तो उठला. मुंडासं हातात धरून भिंतीच्या कडेकडेनं मागं गेला. मागं बाक नव्हते. आमची माणसं फरशीवरच बसली होती. सारजाआत्यानं, म्हणजे बाच्या बहिणीनं, सरकून त्याला जागा केली.

साहेबांची बायको दुसऱ्या बाकापाशी आली. बा बसला होता ती जागा तिनं रुमालानं पुसली. मग रुमाल खाली टाकला आणि बसली. मिस्सेची प्रार्थना संपल्यावर मी तो रुमाल उचलला. त्याची घडी केली. मोटारीपाशी नेऊन कारकुनाच्या हातात दिला. म्हणालो, "बाईंचा रुमाल राहिला."

कारकून म्हणाला, "टाका हो तो आता."

मी टाकला. तेही मीच केलं.

त्याच दिवशी देवळात एक पुस्तिका वाटली होती. आपल्या धर्मग्रामाचा, म्हणजे या देवळाचा आणि त्याच्या लोकांचा, इतिहास. फादरांच्या सांगण्यावरून ती मी लिहिली होती. मिशनच्या बोर्डिंगात शिकलेली सगळी भाषा तिच्यात ओतली होती. त्यात असं होतं, की या डोंगराळ मुलखात अज्ञानात चाचपडणाऱ्या जनांसाठी फादर आले, त्यांनी देऊळ उभारले, आणि पुढे एका दानशूर सद्गृहस्थांच्या औदार्याने ही भव्य वास्तू साकार झाली. आमच्याविषयी त्यात तीन शब्द होते. काही गरीब कुटुंबे. त्या तीन शब्दांत माझं घर, माझा बाप, माझी मेलेली आई, सगळं संपलं.

खरा इतिहास वेगळा आहे. तो मला पुस्तिका लिहितानाही माहीत होता.

आमचं मूळ गाव मुळशीच्या धरणाखाली गेलं. आम्ही मांगाची माणसं. जमीन नव्हती, त्यामुळं जमिनीच्या बदल्यात काही मिळायचा प्रश्नच नव्हता. बा तेव्हा तरणा होता. ज्या धरणानं घर बुडवलं त्याच धरणाच्या कामावर त्यानं खडी फोडली. मग चार घरं मिळून भरे गावाच्या वरच्या अंगाला, ओढ्याच्या काठी येऊन राहिली. गावानं राहू दिलं. कारण गावाला दोर लागत होते. नाडा, कासरा, दावं, शिंकं, सगळं आमच्याकडून. बैलाच्या गळ्यात आमचा दोर चालायचा. आमची सावली चालत नव्हती.

तेव्हा फादर घोड्यावरून यायचे. गोरा माणूस, लांब दाढी. पहिल्यांदा आले तेव्हा पाऊस होता आणि गावात त्यांना कोणी आत घेतलं नाही. बानं घेतलं. फादरांनी आमच्या घरातलं पाणी प्यायलं. सारजाआत्या सांगायची, "पानी पितोय का वततोय त्ये बघाय समदी वस्ती दारात हुबी. त्यानं घटाघटा प्यालं आन् आनकी मागितलं. तवाच म्या म्हनलं, ह्याचा देव बरा असंल."

चारी घरांनी बाप्तिस्मा घेतला. पहिलं देऊळ बानं आपल्या अंगणात बांधलं. कारवीचा कूड, त्याला शेणमातीचा गिलावा, वर भाताचा पेंढा. घंटा म्हणून धरणाच्या कामावरनं आणलेला रुळाचा तुकडा आंब्याला टांगला होता. बा तो लोखंडाच्या पहारेनं वाजवायचा. त्या आवाजाला भरे गावातली कुत्री ओरडायची. मी त्या देवळात लहानाचा मोठा झालो. पावसाळ्यात वेदीवर गळायचं. मग आई तिथं परात ठेवायची आणि फादर परातीच्या बाजूला सरकून मिस्सा म्हणायचे.

पुढं मी मिशनच्या बोर्डिंगात गेलो. मी नसताना दुसरं देऊळ झालं. कच्च्या विटांचं, पत्र्याचं. विटा बानं आणि वस्तीनं ओढ्याच्या मातीतून पाडल्या. पावसात पत्र्यावर इतका आवाज व्हायचा की फादरांचा उपदेश कुणाला ऐकू यायचा नाही. लोक तरी माना हलवायचे.

आणि मग दगडी देऊळ. दगड साहेबांचा, हे खरं. पण ते दगड वर चढवले ते बानं वळलेल्या दोरांनी. घंटाही बाच्याच दोरानं चढली. घायपाताचा वाख, म्हणजे पानातला धागा, तीन पदरी पीळ. महिनाभर बा दुसरं काही करत नव्हता. घंटेवर साहेबांच्या आईचं नाव ओतलेलं आहे. दोरावर नाव घालायला जागा नसते.

हे सगळं मी पुस्तिकेत लिहिलं नाही. फादरांनी लिहू नका म्हटलं नव्हतं. साहेबांनीही नाही. मीच गाळलं. मांग हा शब्द छापील कागदावर आला तर लोक मास्तराच्या सदऱ्याच्या आत बघतील, याची मला भीती होती.

त्याच काळात ओढ्यापलीकडच्या वस्तीतली माणसं बुद्धाकडं वळली. त्यांनी मेलेली ढोरं ओढायचं एका दिवसात सोडलं. पाटलानं धमकावलं, बलुतं बंद केलं, तरी त्यांनी नाही म्हटलं. न शिकलेली माणसं नाही म्हणत होती. मी शिकून हो म्हणत होतो.

दर शनिवारी मी पापस्वीकाराला जायचो. खोटं बोललो. पोरांना रागानं मारलं. उपास मोडला. हे सगळं मी फादरांना सांगितलं. बापाला बाकावरून उठवलं, हे एकदाही सांगितलं नाही. लपवलं असं नाही. ते पाप आहे, हेच मला कळलं नव्हतं. मला ते माझं काम वाटलं होतं.

मग पुढच्या वर्षी पवित्र गुरुवार आला.

त्या दिवशी फादर बारा माणसांचे पाय धुतात. येशूनं शेवटच्या जेवणाच्या वेळी शिष्यांचे धुतले तसे. वेदीसमोर बारा खुर्च्या मांडतात. फादर कंबरेला टॉवेल बांधून, गुडघ्यावर बसून, एकेकाच्या पायावर पाणी घालतात, पुसतात, पायाचं चुंबन घेतात. बारा जण कोण, ही यादी मास्तर करतो.

आमच्या लोकांत एक चाल पडली होती. कुठून पडली सांगता येत नाही. ज्याचं नाव यादीत, तो दोन दिवस आधीपासून पाय घासायचा. ओढ्याच्या काठी दगडानं, राखेनं, मग साबणानं. गोऱ्या माणसाचे ओठ आपल्या पायाला लागणार, मळ राहता कामा नये. धुवायला न्यायचे पाय आधीच धुऊन न्यायचे. यातलं उलटं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही. उलट मी त्याची शिस्त केली. बुधवारी सगळ्यांना शाळेपुढं बोलवायचो आणि पाय तपासायचो. भेगा असलेले बाजूला. नखं काळी असलेले बाजूला.

त्या वर्षी कारकुनाचा निरोप होता. साहेब सहकुटुंब येणार आहेत. साहेबांचे मेहुणे बारांपैकी एक असतील. बाकीचे जरा नीट बघून घ्या.

मी नीट बघून घेत होतो. सारजाआत्या शाळेच्या पायरीवर निवडायला तांदूळ घेऊन बसली होती. म्हणाली, "लग्नाला पोरगी दाखवत्यात. हितं बापयांचं पाय दाखवत्यात. बघ रं मास्तर, दात बी बघ, बाजारात बैलाचं बघत्यात तसं."

माणसं हसली. मीही हसलो.

रांगेत बा होता.

बाच्या उजव्या पायाचा अंगठा इतरांसारखा नाही. नव्हता. दोर वळताना वाखाचं टोक अंगठ्यात अडकवून ताणायचं असतं. चाळीस वर्षं त्यानं तेच केलं. अंगठा बाहेरच्या बाजूला वळलेला, त्याच्या मुळाशी खोल खाच, खाचेत कधी न निघणारा काळा रंग. टाचांना भेगा. त्यानंही घासले होते पाय. भेगांतून रक्त आलेलं दिसत होतं, इतके घासले होते.

तो पाय त्यानं माझ्यापुढं केला.

मी म्हणालो, "पुढच्या वर्षी बघू, बा."

त्यानं पाय मागं घेतला. सारजाआत्याचा तांदूळ निवडणारा हात थांबला. ती म्हणाली, "मास्तर, त्या पायानं तुला शाळंत पोचवलाय." एवढंच. मग पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

गुरुवारी संध्याकाळी देऊळ भरलं. पुढं साहेब आणि त्यांचं कुटुंब. मागं फरशीवर आमची माणसं. साहेबांचे मेहुणे आले नव्हते. त्यांची मोटार भुकूमच्या अलीकडं बंद पडली होती. वेदीसमोर अकरा माणसं आणि एक रिकामी खुर्ची.

फादर एकेकाचे पाय धूत आले. मी पाण्याचं घंगाळ आणि पुसायचा दुसरा टॉवेल धरून त्यांच्याबरोबर. अकरावा झाला. ते रिकाम्या खुर्चीपुढं थांबले. फादरांचं मराठी पुस्तकी होतं. त्यांनी मला विचारलं, "बारावे गृहस्थ कोठे आहेत?"

"येऊ शकले नाहीत, फादर."

फादर उभे राहिले. गुडघा धरून, कण्हत. त्यांचंही वय झालं होतं. माझ्या हातातलं घंगाळ त्यांनी घेतलं आणि ते बाकांच्या मधून चालत मागं गेले. बा भिंतीला टेकून बसला होता. फादर त्याच्यापुढं फरशीवर बसले.

"बाबा, आपले चरण द्यावे."

बानं पाय धोतराखाली ओढून घेतले. सगळं देऊळ वळून बघत होतं. बा म्हणाला, आवाज न चढवता, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा:

"आदी मास्तरला इचारा, फादर. त्यो न्हाई म्हनलाय. त्यानं मला बाकावरनं उठीवलं तवा मी उठलो. आता कुटं बसायचं, पाय कुटं द्यायचं, त्ये त्यालाच इचारा."

फादरांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. पुढच्या बाकावरून साहेब म्हणाले, "मास्तर, यादीप्रमाणे चालू द्या. उशीर होतोय."

माझ्या हातात ओला टॉवेल होता. त्याचं पाणी माझ्या बुटांवर ठिबकत होतं. हे मला स्पष्ट आठवतं. आणि हेही आठवतं, की पहिल्यांदा माझ्या तोंडाशी जो शब्द आला तो हो हाच होता. हो, साहेब. तो जिभेवर आला होता. तो मी गिळला.

मी म्हणालो, "तो माझा बाप आहे."

मी टॉवेल खांद्यावर टाकला आणि पुढं बोललो.

"यादी मी केली. पाय बघून केली. बापाचे पाय मी नाकारले. बाकावरून त्याला मीच उठवलं. इथून पुढं मी या देवळात कुणालाही उठवणार नाही. ज्यांना चालत नसेल त्यांनी आपलं आपण उठावं."

साहेबांची बायको उठली. मग साहेब. मग बाकीचे. मोटारीची दारं लागल्याचे आवाज आले.

मी बापाजवळ गेलो. म्हणालो, "बा, पाय दे."

"न्हाई," बा म्हणाला. मग फादरांना म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, फादर. तुमी बसलासा एवढं लई झालं. माजं पाय कालच धुतल्यात. धुऊन बी चाललं न्हाईत."

तो उठून बाहेर गेला. पवित्र गुरुवारी गौरवगीतानंतर घंटा बंद ठेवतात, ती थेट शनिवारी वाजते. दोर ओसरीत लोंबत होता. बानं त्याला गाठ मारून वर अडकवलं आणि खाली पायरीवर बसला. त्या दिवसानंतर तो देवळाच्या आत कधी आला नाही. दर रविवारी घंटा वाजवायचा आणि पायरीवर बसून मिस्सा ऐकायचा. ख्रिस्तप्रसाद द्यायला फादर बाहेर यायचे. दोन पावसाळे असे गेले. मग तो त्या पायरीवरच वारला.

मधल्या काळात मी एकदा त्याच्या शेजारी पायरीवर बसलो. म्हणालो, "बा, माझं चुकलं."

तो वाख सोलत होता. म्हणाला, "चुकला न्हाईस. शिकला हुतास."

मला अजून माफी मिळालेली नाही. आता मिळणारही नाही. पापस्वीकारात फादरांनी दिली. ती घेऊन मी बाहेर आलो तर बा पायरीवर बसलेला होता.

गुरुवारच्या त्या प्रकारानंतर साहेबांचं पत्र आलं. मास्तरांनी लेखी दिलगिरी द्यावी, नाहीतर मास्तर बदलावा. फादर मला म्हणाले, "आपण दोन ओळी लिहा. शांतता राहील. आपल्या मनात काय आहे ते परमेश्वर जाणतो."

ते वाईट नव्हते. आमच्या घरातलं पाणी प्यायलेला माणूस. त्यांना शाळेचं छप्पर घालायचं होतं आणि ते साहेबच घालणार होते.

मी म्हणालो, "फादर, तुमच्या सांगण्यावरून मी एकदा लिहिलंय. त्याचीच लाज वाटते. आता लिहिणार नाही."

फादरांना नाही म्हणायची ती माझी पहिली वेळ. महिनाअखेर मास्तरकी गेली. आता मी पिरंगुटच्या रस्त्याच्या कामावर मजुरांची हजेरी घेतो. बूट घालत नाही. त्यात काही मोठेपणा नाही, डांबराच्या कामावर वहाणा बऱ्या पडतात.

आता नवे फादर आले आहेत. आपल्याकडचेच, तरुण, मिस्सा मराठीत म्हणतात. मागच्या महिन्यात त्यांनी मला बोलावलं. जुनी पुस्तिका पुन्हा छापायची आहे, शुद्धलेखन तेवढं बघून द्या, म्हणाले. मी पुस्तिका घरी आणली. वाचली. काही गरीब कुटुंबे, तिथं थांबलो. मग तिचं पाठकोरं पान उघडलं आणि हे लिहायला बसलो.

नव्या फादरांना हे वाचायला दिलं. त्यांनी दोन दिवस ठेवून घेतलं. म्हणाले, "तीन देवळांचा भाग फार चांगला आहे. तो घेऊ या. पहिलं वाक्य आणि तो बाकाचा प्रसंग तेवढा काढा. साहेबांची मुलं अजून येतात."

मी विचारलं, "आणि मांग हा शब्द?"

ते म्हणाले, "त्याचीही खरं तर गरज नाही."

मी कागद परत घेतले. तुमच्या पुस्तिकेत माझं एक अक्षर छापू नका, असं सांगितलं. हा इतिहास छापला तर पहिल्या वाक्यासकट छापला जाईल. नाही तर मी तो दर रविवारी मिस्सा सुटल्यावर पायरीवर उभा राहून वाचून दाखवीन. पहिल्या रविवारचं वाचून झालं आहे. सारजाआत्या पुढं बसली होती. तिला आता नीट ऐकू येत नाही. म्हणाली, "मोट्यानं वाच की रं, बाकावरनं उठीवलं तितनं."

मी पुन्हा मोठ्यानं वाचलं.

रविवारी मी दुसऱ्या बाकावर बसतो. अगदी कडेला, बा बसला होता तिथं. सारजाआत्याला शेजारी घेतो. वस्तीतलं जो कोणी येईल त्याला घेतो. गेल्या सणाला साहेबांचा थोरला मुलगा आला होता. बाकापाशी येऊन थांबला. खिशातून त्यानं रुमाल काढला. मी त्याच्याकडं बघत राहिलो. त्यानं रुमालानं कपाळ पुसलं आणि तो मागं जाऊन बसला.

याच्यानं काही फिटलं नाही. बाप पायरीवर मेला. तो बाकावर परत येत नाही.

पण कुणी पुन्हा विचारावं, ते म्हातारं कोण बसलंय. मी सांगायला बसलोय. उठायला नाही.